घरात सगळ्यांना नेट, एका लॅपटॉपला नाही

सोमवारी सकाळी साडेनऊला मी लॅपटॉप उघडला तेव्हा भाकरीचं पीठ अजून नखांत होतं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पुण्याच्या एका प्रकाशकाला शेतीची एक पुस्तिका पूर्ण करून द्यायची होती. मूळ पुस्तिका कानडी, मला ती मराठीत करायची. तुरीवरची कीड, तिची लक्षणं, फवारणी असं सगळं. माझं माहेर मैंदर्गीचं. तिथं घरात कानडी आणि शाळेत मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा आपोआप आल्या. शाळेतली नोकरी संपल्यावर हेच काम मला मिळालं आणि मी ते मनापासून करत होते.

या कामात एक गोष्ट मात्र मला कधी आवडली नाही. फाईल माझ्या मशिनवर नसते. ती नेटवर असते आणि मी इथं सोलापुरात टाईप केलेली ओळ पुण्यात बसलेल्या संपादकबाईंना तिथल्या तिथं दिसते. म्हणजे नेट नाही तर फाईल नाही, आणि फाईल नाही तर काम नाही.

त्या सकाळी नेट नव्हतं. म्हणजे होतं, पण लॅपटॉपला नव्हतं. माझ्या फोनला होतं. आमच्या ह्यांच्या फोनला होतं. टीव्हीवर कुणीतरी महाराज प्रवचन देत होते, तेही नेटवरच. फक्त लॅपटॉपवर आमच्या वायफायच्या नावावर बोट ठेवलं की एक गोल फिरायचा, फिरत राहायचा, आणि मग इंग्रजीत एक ओळ यायची, की या नेटवर्कला जोडता येत नाही. का येत नाही, ते काही सांगायचं नाही. शाळेत एखादं पोर प्रश्नाला नुसतं “येत नाही” म्हणायचं, तेव्हा मी त्याला निदान “काय येत नाही?” असं विचारू शकायचे.

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. आमचा राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे. मी स्टूल घेऊन बरोबर त्याच्या खाली जाऊन बसले, न जाणो अंतराचा प्रश्न असेल. गोल फिरला, ओळ आली.

“पासवर्ड चुकत असशील,” हे खुर्चीतून म्हणाले.

आमचे हे एस.टी.तून निवृत्त झालेले. कितीतरी वर्षं स्टँडवर नियंत्रक होते. माईकवरून गाड्या पुकारायचं कामही त्यांच्याकडेच. त्यामुळे घरातही ते काही वाचून दाखवायला लागले की समोर दोनशे माणसं बोचकी घेऊन उभी आहेत असं वाटतं. त्यांनी डायरीचं मागचं पान काढलं आणि पासवर्ड पुकारायला सुरुवात केली.

“एस. मोठा. ओ. लहान. त्यानंतर शून्य.”

“शून्य की ओ?”

“गोल हाय.”

“दोन्ही गोलच असतात.”

“मग दोन्ही टाकून बघ की.”

मी दोन्ही टाकून बघितले. मोठे टाकले, लहान टाकले. डोळ्याच्या चिन्हावर दाबून प्रत्येक अक्षर डोळ्यांनी तपासलं. तोच पासवर्ड माझ्या फोनमध्ये पुन्हा टाकला तर फोन लगेच जोडला गेला. म्हणजे पासवर्ड बरोबर होता. तरी हे अधूनमधून म्हणतच राहिले, “एकदा नीट टाक.” त्या “नीट” शब्दानं माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं त्या गोलानंही फिरलं नसेल.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. एक माणूस हिंदीत “दोस्तों” म्हणून सुरू करायचा आणि पाच मिनिटं स्वतःबद्दलच बोलायचा. त्याच्या सांगण्यावरून लॅपटॉपला आमचं वायफाय विसरायला लावलं आणि पुन्हा ओळख करून दिली. उपयोग नाही. दुसऱ्या एका माणसानं सांगितलं की नेटवर्कची सगळी सेटिंग पुसून नव्यानं सुरू करा. मी पुसली. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला तेव्हा वायफाय तर जोडलं नव्हतंच, पण आता आमचा प्रिंटरही त्याला ओळखू येईना. एक दुखणं घेऊन गेले होते, दोन घेऊन आले.

कुणी म्हणेल, मग फोनचं नेट लॅपटॉपला का नाही दिलं? दिलं. दुपारी ते सुचलं आणि लॅपटॉप फोनच्या नेटला पटकन जोडलाही गेला. मला एवढं हायसं वाटलं की मी उठून चहा टाकला. चहा घेऊन परत येईपर्यंत लॅपटॉपनं स्वतःहून स्वतःचं काहीतरी भलंमोठं उतरवून घ्यायला सुरुवात केली होती. वीस मिनिटांत माझ्या फोनचा दिवसाचा कोटा संपला. फाईलमधला एक परिच्छेद तेवढा झाला. ह्यांचा फोन मागितला, तर त्यांचा कोटा सकाळीच प्रवचनाच्या आधी बागेत बसून संपला होता. पुढचे दोन दिवसही कोटा असाच गेला.

कंपनीच्या नंबरवर फोन केला. आधी गाणं, मग आकडे दाबा, मग पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगी आली. तिनं हिंदीत विचारलं, राउटरवर लाल लाईट आहे का? मी म्हणाले, नाही, हिरवा आहे. मग म्हणाली, राउटर बंद करून चालू करा. मी म्हणाले, सकाळपासून सात वेळा केलाय. ती म्हणाली, माझ्यासमोर एकदा करा. फोनवर समोर कसं करणार, पण केलं. आठव्यांदा. तक्रार नोंदवली गेली, उद्या माणूस येईल.

संध्याकाळी संपादकबाईंचा संदेश आला, “आज फाईलमध्ये फारशी हालचाल दिसली नाही, सगळं ठीक ना?” मी “हो, उद्या भरून काढते” असं लिहिलं. खोटं लिहिताना बोटं अडखळत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

मंगळवारी आमच्याकडे पाणी यायचा दिवस होता. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, त्यामुळे त्या दीड तासात घरात दुसरं काही चालत नाही. पिंप, टाकी, हंडे, बादल्या. आणि कंपनीचा माणूस बरोबर त्याच वेळी आला. मी ओल्या साडीनं पाईप हातात धरून दारात.

त्यानं आत येऊन राउटरकडे बघितलं, स्वतःचा फोन जोडला, काहीतरी मोजलं आणि म्हणाला, “नेट फुल्ल हाय की, मॅडम.”

“फोनला आहे. लॅपटॉपला नाही.”

“मग लॅपटॉपचा प्रॉब्लेम. आमचं काम राउटरपर्यंत.”

“तुम्ही लॅपटॉप एकदा बघा तरी.”

त्यानं बघितला. म्हणजे उभ्या उभ्या वायफायच्या नावावर बोट ठेवलं, गोल फिरलेला बघितला, ओळ आलेली बघितली. “बघा, लॅपटॉपच घेत नाही,” असं म्हणून माझ्या फोनवर आलेला एक आकडा मागून घेतला. तो दिल्यावर मला लगेच संदेश आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या मिटवण्यात आली आहे. तोवर मागच्या बाजूला पिंप भरून वाहत होतं आणि हे “अगं पाणी, पाणी” असं पुकारत होते, पण पाईप उचलायला उठले नव्हते.

बुधवारी सकाळी मी लॅपटॉप पिशवीत घालून रिक्षानं नवी पेठेत गेले. एप्रिलातलं ऊन, दहालाच डोळ्यांपुढे पांढरं होत होतं. दुरुस्तीच्या दुकानात उघडे लॅपटॉप ओळीनं पडलेले, मासळीबाजारात चिरून ठेवलेल्या माशांसारखे. दुकानदारानं माझा लॅपटॉप उघडला, त्याच्या दुकानाचं वायफाय टाकलं आणि तो पहिल्याच झटक्यात जोडला गेला.

“लॅपटॉप एकदम ओके आहे, ताई. घरचं वायफाय बघा.”

“घरच्या वायफायवाला म्हणतो लॅपटॉप बघा.”

तो हसला. मी हसले नाही. सासरचे म्हणतात माहेरची चूक, माहेरचे म्हणतात सासरची, आणि मधली बाई पिशवी घेऊन उन्हात. त्यानं तपासायचे पैसेही घेतले नाहीत. घेतले असते तर भांडता तरी आलं असतं.

मी धीर करून विचारलं, “इथं बसून दोन तास काम करू का?” त्यानं खरंच स्टूल दिलं. मी त्या उघड्या मशिनींच्या मध्ये बसून शेंगा पोखरणाऱ्या अळीवरची साडेतीन पानं केली. शेजारी एक माणूस भात्यासारख्या यंत्रानं जुन्या मशिनींतली धूळ उडवत होता आणि ती थेट माझ्या डोळ्यांत येत होती. मग लाईट गेली. दुकानदार म्हणाला, आता तासभर तरी येत नाही. मी घरी आले.

दारातच ह्यांनी विचारलं, “झालं का?”

“तुम्ही एक शब्दही बोलू नका,” मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात मी असं फार कमी वेळा बोलले असेन.  थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घालून माझ्यासमोर ठेवलं. मी जेवले नाही. दुपारभर फोनच्या पडद्यावर अंगठ्यानं भाषांतर करत बसले. ‘प्रादुर्भाव’ हा शब्द अंगठ्यानं लिहून बघावा कुणीही.

आमच्या घराला वर दोन खोल्या आहेत, त्या भाड्यानं दिलेल्या. तिथं तिशीतली एक बाई सासूबरोबर राहते. मूळची शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतली, माहेर-सासर दोन्हीकडे माग. घरात तेलुगू बोलतात. नवरा कामासाठी भिवंडीला असतो, महिन्या दोन महिन्यांनी येतो. ती जवळच्याच एका ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरमध्ये कामाला आहे. दाखले, अर्ज, परीक्षांचे फॉर्म हे सगळं दिवसभर करते.

बुधवारी संध्याकाळी ती कामावरून आली आणि जिन्याशी मला बघून थांबली. “काकू, बरं नाही का? चेहरा कसा झालाय.”

मी तिला सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, याचीच मला लाज वाटली. ती म्हणाली, “आधी मला का नाही सांगितलं? थांबा, पर्स ठेवून येते.”

ती आली, जेवणाच्या टेबलाशी बसली आणि डॉक्टरसारखे एकेक प्रश्न विचारायला लागली. कधीपासून? सोमवार सकाळपासून. रविवारी चालत होतं? दुपारपर्यंत मी काम केलं होतं. बाकी काय काय चालतंय? सगळं. दुसरीकडे लॅपटॉप चालतो? चालतो.

“घरात कुणी राउटरच्या सेटिंगमध्ये काही केलंय का?”

“कोण करणार? मला यातलं काही येत नाही, ह्यांना त्याहून नाही,” मी म्हणाले. हे टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज थोडा वाढवला.

तिनं तिच्या फोनचं नेट देऊन बघितलं, लॅपटॉप जोडला गेला. मग ती म्हणाली, “काकू, तुमचा राउटरच याला आत घेत नाहीये. बाकी सगळ्यांना घेतोय. राउटरचं सेटिंगचं पान उघडावं लागेल. त्याचा पासवर्ड वेगळा असतो. आहे का?”

मी ह्यांच्याकडे बघितलं.

“गोत्तिल्ल,” हे म्हणाले. माहीत नाही.

आम्ही दोघं एरवी घरात मराठीच बोलतो. हे कानडीत शिरतात ते दोनच वेळा, भाऊ आला की, नाहीतर काही लपवायचं असलं की. भाऊ आलेला नव्हता.

तिनं राउटर उतरवला, त्याच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड टाकून बघितला. तो चालला नाही. “कुणीतरी बदललाय,” ती म्हणाली.

“राहू दे की आता,” हे म्हणाले. “उद्या माणूस बोलावू.”

“उद्या गुरुवार आहे,” मी म्हणाले. “बारा वाजता माझं काम द्यायचंय. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.”

ते उठले. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून चारदा घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. वाचून दाखवला नाही.

पान उघडलं. ती सराईतपणे खाली-खाली जात होती. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. ज्यांना आत घ्यायचं नाही अशांची ती यादी होती. यादीत एकच नोंद. यंत्राचा लांबलचक आकडा आणि त्यापुढे, ओळखीसाठी नाव लिहायच्या जागी, इंग्रजी अक्षरांत: VARCHI.

मला ते वाचायला एक क्षण लागला. तिला लागला नाही.

 टीव्हीवर जाहिरात चालू होती. ती उठून जाईल असं मला वाटलं, पण तिनं हातातलं काम पूर्ण केलं. लॅपटॉपमध्ये कुठंतरी शिरून तिनं त्याचा स्वतःचा आकडा काढला आणि दोन्ही पडदे शेजारी धरले.

“शेवटची चार अक्षरं बघा, काकू. तीच आहेत ना? हा तुमचाच लॅपटॉप आहे.” मग थोडं थांबून म्हणाली, “नाव माझं दिलंय.”

हे खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं. रविवारी संध्याकाळी मॅच बघताना टीव्ही सारखा अडकत होता. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मित्रानं त्यांना सांगितलं होतं, शेजारीपाजारी नेट चोरतात, मोबाईलवरून राउटरचं पान उघडून बघता येतं. पासवर्ड बदलायचंही त्यानंच शिकवलं. ह्यांनी उघडून बघितलं. यादीत आमचे दोन फोन होते, टीव्ही होता, आणि एक नाव होतं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे काहीतरी आकडे-अक्षरं.

“आपल्याकडे डेस्कटॉप कुटं हाय?” हे म्हणाले. “आपल्याकडे लॅपटॉप हाय. मला वाटलं, सेंटरमधला कॉम्प्युटर घरी आणला असंल.”

“काका, लॅपटॉपचंही नाव तसंच येतं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. दिवसभर सेंटरमध्ये लोकांना जशी समजावते तसंच सांगत होती. “आपण बदललं नाही तर डेस्कटॉपच दाखवतं.”

“मला काय माहीत.”

“विचारायचं होतं.”

 तिनं तिचा फोन काढला. “मागं सासूबाईंच्या पेन्शनच्या अर्जाला काकूंनी पासवर्ड दिला होता. आमचं रिचार्ज संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मी फोनमधून काढून टाकला. बघा.”

“अगं, नको, दाखवायची काय गरज,” मी म्हणाले.

“नाही, बघा.”

तिनं फोन माझ्यासमोर धरला आणि मी बघेपर्यंत धरून ठेवला. तिनं जोडलेल्या वायफायची यादी होती. तिच्या सेंटरचं नाव होतं, माहेरचं असावं असं एक होतं. आमचं नव्हतं. मग तिनं तो ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी चष्मा नसतानाही बघितल्यासारखं केलं.

तिनं राउटरच्या यादीतली ती नोंद पुसली. लॅपटॉपवर गोल फिरला आणि या वेळी थांबला. जोडलं गेलं. “झालं, काकू,” ती म्हणाली, चप्पल घातली आणि वर गेली.

मी तिच्या मागे जायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी गेले नाही. मी फाईल उघडली. तीन दिवसांनी ती पानं घरच्या वायफायवर समोर आल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लाज त्यानंतर वाटली. हा क्रम मी लपवणार नाही. ह्यांच्याशी त्या संध्याकाळी मी भांडलेही नाही, कारण भांडायला वेळ नव्हता. पहाटे उठून पुन्हा बसले. गुरुवारी पावणेबाराला शेवटचं पान झालं. संपादकबाईंनी अंगठा पाठवला.

मग भांडले. तीन दिवसांचं सगळं काढलं. पासवर्ड नीट टाक म्हणालात, पिंप वाहत होतं, उन्हातून नवी पेठेत जाऊन आले, आणि हे सगळं तुमच्या बोटामुळे. हे म्हणाले, “मला खरंच जोडता आलं नाही गं, की मी रविवारी केलं ते आणि तुझ्या लॅपटॉपचं हे एकच. तुला सांगितलं असतं तर तू वरच्यांचीच बाजू घेतली असतीस, म्हणून बोललो नाही.” त्यांचं खोटं नव्हतं. आणि मला थोडं थांबावं लागलं, कारण गेल्या महिन्यात नेट हळू चाललेलं असताना “वरून कुणी वापरत नाही ना?” हे मीच म्हणाले होते. सहज म्हणाले होते. ह्यांनी ते ऐकून ठेवलं होतं.

संध्याकाळी मी वर गेले. तिनं मला आत बोलावलं नाही. दार ओढून घेऊन जिन्यावरच उभी राहिली. आत सासूबाई होत्या. मी म्हणाले, “ह्यांचं चुकलं. माझंही चुकलं.”

ती म्हणाली, “काकू, मला चोर समजले याचं वाईट वाटलं. पण दोन वर्षं झाली इथं राहून. वरची म्हणजे काय? मला नाव आहे की.”

मी मान डोलावली. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर ‘वरची भाडेकरू’ म्हणूनच आहे, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. खाली येऊन मी ते नाव बदललं. बदलताना तिचं आडनाव मला आठवेना. भाडेकराराचा कागद काढून बघावं लागलं.

हे शनिवारी तिच्याकडे गेले. मला न सांगता, दुपारी, धुतलेला शर्ट घालून. त्यांना वाटलं तिला सुट्टी असेल. नव्हती. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांना मराठी जेमतेम कळतं, तेलुगू ह्यांना येत नाही. ह्यांनी हात जोडून मराठीत सुरुवात केली, मग कानडीत करून बघितलं. त्या बाईंना एवढंच समजलं असावं की घरमालक हात जोडून काहीतरी मागतायत. घाबरून त्यांनी ह्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सुनेला फोन लावला. सून येईपर्यंत हे तिथं अर्धा तास बसून होते. खाली आले तेव्हा बनियन ओला झाला होता. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

संध्याकाळी ती स्वतःच खाली आली. दारातूनच म्हणाली, “काकांना सांगा, मी सासूबाईंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना उगाच लागलं असतं. आज सांगावं लागलं.”

“मग? काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, दुसरी खोली बघ.”

त्यांनी दुसरी खोली बघितली नाही, निदान अजून तरी. पुढच्याच आठवड्यात मात्र त्यांनी स्वतःचं नेट घेतलं. त्यांची वायर आमच्या हॉलच्या खिडकीवरून वर गेली आहे. ती लावायला माणूस आला तेव्हा ह्यांनी उन्हात उभं राहून शिडी धरली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या माणसानं दोनदा म्हटलं, “काका, सोडा, मी बघतो.” ह्यांनी सोडली नाही.

माझं काम चालू आहे. आता हरभऱ्याची पुस्तिका आली आहे. लॅपटॉप अजून प्रिंटरला ओळखत नाही. तिला विचारलं तर पाच मिनिटांत करून देईल हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच विचारवत नाही. ती भेटते, काकू म्हणते, तब्येत विचारते. पूर्वी संध्याकाळी वाटीभर काहीतरी घेऊन सरळ आत यायची. आता खाली यायचं असेल तर आधी फोन करते.